पोरगी दिली, पण रूट नाही दिला

माझे बाबा, टिकाराम गोंडाणे, रिछाईतल्या एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात वेल्डर आहेत. त्यांच्याइतका हाताचा चांगला आणि त्यांच्याइतका डोकं खाणारा माणूस मी आख्ख्या जबलपुरात पाहिला नाही. हे मी, एकता, त्यांची मुलगी म्हणून नाही सांगून राहिली. त्याच कारखान्याचं स्टोअर मी सांभाळते. वेल्डिंगचे रॉड, ग्राइंडरच्या चकत्या, हातमोजे, काळ्या काचा, सगळं माझ्याच खिडकीतून जातं, आणि त्या खिडकीतून पूर्ण शेड दिसतं. त्यामुळे त्यांचं घरचं रूप आणि कामावरचं रूप, दोन्ही मला पाठ आहेत.

आजोबा तुमसरकडचे. इथे सरकारी कारखान्यात लागले आणि कांचघरला घर करून राहिले. बाबांच्या वेळेपर्यंत तशा नोकऱ्या आटल्या होत्या. मग ते घमापुरात एका ग्रिल-दरवाजेवाल्याकडे हात साफ करत बसले आणि तिथून रिछाईला आले. शाळा आठवीपर्यंत, तीही मास्तरांच्या मेहरबानीनं. पण मशीन चालू झालं की माणूस वेगळाच होतो. कारखान्यात हिंदीवाले असोत की आपले मराठीवाले, सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. बाबांना ते इतकं आवडतं की घरी आईनंही म्हणावं असं त्यांना मनातून वाटतं. आई काही म्हणत नाही.

आता रूट म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. लोखंडाच्या दोन जाड पट्ट्या जोडायच्या असल्या की मध्ये जरा फट ठेवतात. त्या फटीच्या अगदी तळाशी जो पहिला थर लागतो तो रूट. त्यावर मग थरावर थर भरत यायचं, आणि सगळ्यात वर दिसायला सुंदर असा शेवटचा थर. लोक वरचं पाहून वा वा करतात. पण तळ कच्चा असला तर वरचं सगळं फुकट आहे. चपाती वरून फुगलेली आणि आतून कच्ची असते ना, तसं.

तर बाबांची खोड अशी, की शेडमधला कोणाचाही जोड असो, रूट तेच लावणार. कोणी पट्ट्या मांडून तयारीत बसला की हे मागून हजर. "सरक बे," म्हणायचं, त्याच्या हातातला रॉड धरायचा होल्डर घ्यायचा, बूड टेकायचं, रूट ओढायचा, आणि होल्डर परत त्याच्या हातात देऊन पुढच्याकडे जायचं. बाकीचे वर भरत बसायचे आणि शेवटी जोडाशेजारी आपापला नंबर ठोकायचे. प्रत्येक वेल्डरला नंबर असतो, कोणाचा जोड कोणता ते कळावं म्हणून. नंबर बंटी नावाच्या पोट्ट्याचा, आत काम टिकाराम गोंडाण्यांचं. मालक जैनसाहेब खूश, कारण माल परत येत नव्हता. पोट्टे खूश, कारण अवघड काम दुसरा करून राहिला. आणि बाबा तर काय, त्यांना वाटायचं आपण नसलो तर शेड कोसळेल.

अश्वजीत, म्हणजे आता माझा नवरा, तेव्हा तिथे नवीन वेल्डर म्हणून आला होता. माझ्या खिडकीवर तो जरुरीपेक्षा जास्त वेळा यायचा. एवढे रॉड जाळणारा माणूस मी पाहिला नव्हता. एकदा मी विचारलं, "भैया, रॉड खाऊन राहिला का काय?" भैया म्हटल्याबरोबर त्याचं तोंड असं पडलं की मला काय समजायचं ते समजलं. बाबांनी त्याला खालून वर पाहिलं, हूं म्हटलं, आणि विहारात आमचं लग्न लागलं. त्यानंतर घरी "जावईबापू, घ्या ना, जावईबापू, बसा ना", आणि कामावर तेच, "सरक बे." अश्वजीत माझ्याजवळ हसून म्हणायचा, "तुह्या बापानं पोरगी दिली, पण रूट नाही दिला." मीही हसायची. तेव्हा ते हसण्यासारखंच होतं.

मग टाक्यांची ऑर्डर आली. साध्या पाण्याच्या नाही, हवा दाबून भरायच्या. अशी टाकी जोडावर फाटली तर बाजूला उभा असलेला माणूस घरी जात नाही. म्हणून घेणाऱ्यांनी अट घातली. आधी वेल्डिंगची पद्धत कागदावर मांडायची: रॉड कोणता, करंट किती, फट किती, हात खालून वर जाणार की वरून खाली. त्या पद्धतीनं एक नमुना जोडायचा, तो कापून, ओढून, वाकवून पाहायचा. पद्धत पास झाली की मग एकेक वेल्डर वेगळा तपासायचा, कारण पद्धत चांगली आहे म्हणून करणारा चांगला आहे असं होत नाही.

हे सगळं तपासायला भोपाळहून सुखदा पेंढारकर नावाच्या मॅडम आल्या. ठेंगण्या, खांद्याला झोळा, झोळ्यात टॉर्च, भिंग आणि फट मोजायच्या पत्र्या. मराठी एकदम शुद्ध, पोट्टे त्यांच्याशी बोलताना आपोआप सरळ उभे राहायचे. बाबांनी पहिल्याच दिवशी वाकडं घेतलं.

"मॅडम, माह्या हाताले कागद काय शिकवते?"

"तुमच्या हाताला काहीच शिकवत नाही, काका," मॅडम म्हणाल्या. "तुमचा हात जे करतो ते लिहून ठेवतो. म्हणजे दुसऱ्यालाही करता येईल."

बाबांना ते पटलं नाही, पण नमुना त्यांनीच जोडला आणि अगदी कागदाप्रमाणे जोडला. त्याची पट्टी कापली, प्रेसमध्ये घालून इंग्रजी यू सारखी वाकवली, तळाची बाजू बाहेर ताणली जाईल अशी. ओरखडा नाही. पद्धत पास. ती वाकलेली पट्टी बाबांनी मॅडमकडून मागून घेतली आणि खव्याची जिलेबी घेऊन घरी आले. आख्ख्या गल्लीला पट्टी दाखवली. आई, म्हणजे भीमाबाई, जिलेबी वाटता वाटता म्हणाली, "लोखंड वाकवलं त्याचं काय कौतुक. या माणसाले वाकवून दाखवा म्हणा कोणी."

दुसऱ्या दिवशी वेल्डरांची परीक्षा. प्रत्येकाला पडदा लावलेला वेगळा कप्पा, पट्ट्या उभ्या बांधलेल्या, त्या फिरवायच्या नाहीत. आत फक्त वेल्डर आणि मॅडम. बाहेरून कोणी बोललं तर परीक्षा रद्द. बाबा पहिले गेले, आले. बाकी सगळे एकेक करून गेले. वरून पाहिलं तर सगळ्यांचं काम देखणं. मग प्रेस सुरू झाली. बाबांची पट्टी स्वच्छ वाकली, पास.

बंटीची पट्टी अर्धी वाकली आणि फाटली. त्याच्यानंतरच्याची फाटली. अश्वजीतची तर टण्णकन आवाज करून दोन तुकडेच झाले, आणि एक तुकडा माझ्या खिडकीपर्यंत घरंगळत आला. तुकडा उचलायला तो आला तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. मला इतकं वाईट वाटलं की मी उगाच हातमोजे मोजायला घेतले.

मॅडमनी तुकडे टेबलावर मांडले. सगळे एकाच जागी गेलेले, तळात. त्या जरा वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "रोज यांचे रूट कोण करतं?"

सगळ्यांची नजर बाबांकडे. आणि बाबा, मला अजूनही आठवलं की राग येतो, बाबा छाती पुढे काढून म्हणाले, "मीच करतो. सबका मैं ही करता हूँ." त्यांना वाटलं आता शाबासकी मिळणार.

"मग काका, यांना तुम्हीच नापास केलंत," मॅडम म्हणाल्या. आवाज चढवला नाही, त्यामुळे ते जास्तच लागलं. "टाकीवर ज्याचा नंबर, त्याचाच हात पाहिजे, तळापासून. यांना शिकवा. मी परत येऊन नवीन परीक्षा घेईन. त्यात जो पडेल त्याला टाक्यांवर घेता येणार नाही."

पुढचं जैनसाहेबांनी सांगितलं. टाक्यांशिवाय सध्या शेडमध्ये काही काम नाही. जो पडेल त्यानं ग्राइंडर धरायचा, नाहीतर दुसरीकडे पाहायचं. म्हणजे अश्वजीतला वेल्डर राहायचं असेल तर ही एक परीक्षा.

त्या रविवारी आम्ही दोघं कांचघरला जेवायला गेलो. आईनं पाटवडीचा रस्सा केला होता, खास जावयासाठी. बाबा ताट पुढे सरकवत म्हणाले, "घ्या जावईबापू, रस्सा घ्या."

अश्वजीतनं हात ताटाला लावला नाही. "मामाजी," तो म्हणाला, "तुमी मले एकदा तरी चुकू द्यायचं होतं. चुकलोच नाही तं शिकू कुठून?"

"म्हणजे तुमची कामं केली, तोच माहा गुन्हा."

"गुन्हा नाही म्हणून राहिलो. पण मी वेल्डर आहो का नाही हेच मले मालूम नाही आज. एवढी वर्षं मी तुमच्या कामावर नंबर ठोकून राहिलो."

बाबा उठले. आई म्हणाली, "बसा. आधी जेवा, मग रुसा." ते बसले, पण घास काही गेला नाही. मला दोघांचाही राग आला आणि दोघांचीही दया आली. हे फार वाईट असतं, नुसता राग आलेला परवडतो. परत येताना मी रस्त्यात अश्वजीतला म्हटलं की आता त्यांनी शिकवलं तर शिक, ताठू नको. तो म्हणाला, "मी शिकतो. त्यायले शिकवता येईल काय?"

खरंच नाही आलं. दुसऱ्या दिवशी बाबांनी शिकवणं सुरू केलं. शिकवणं म्हणजे काय, तर अश्वजीतनं रॉड टेकवला की यांचं "असं नाही बे, पाह्य", होल्डर यांच्या हातात, आणि तळापासून वरपर्यंत रूट लावून मोकळे. मग बंटीकडे. मग पुढच्याकडे. संध्याकाळपर्यंत सरावाच्या सगळ्या पट्ट्यांना उस्तादांचे सुंदर रूट लागले होते आणि पोट्टे हात बांधून उभे होते. दुसऱ्या दिवशीही तेच. मॅडम पुन्हा आल्या असत्या तर बाबा पुन्हा एकटेच पास झाले असते.

तेव्हा मी डोकं लावलं. रॉड भट्टीत तापवून ठेवतात, ओल लागू नये म्हणून, आणि ज्याचं नाव कामावर आहे त्यालाच द्यायचे असा मॅडमनी नियम करून दिला होता. तिसऱ्या दिवशी बाबा खिडकीवर आले तेव्हा मी भट्टीचं झाकण लावलं.

"बाबा, तुमाले रॉड नाही."

"काहून?"

"तुमी पास आहात. सरावाचे रॉड नापास लोकांसाठी. मॅडमचा नियम आहे."

मॅडमचा असा काही नियम नव्हता, तो माझा होता. बाबा माझ्याकडे पाहत राहिले. जन्मात मी त्यांना कशालाही नाही म्हटलेलं नव्हतं. मागे बंटी उभा होता, तो एकदम छताकडे पाहायला लागला. "आपलीच पोरगी," बाबा पुटपुटले आणि रिकाम्या हातांनी परत गेले. दुसऱ्याच्या होल्डरमधला रॉड त्यांनी हिसकावला असता तर मी काय करणार होती? पण सगळ्यांसमोर रॉड नाकारल्यावर ते करायची त्यांना लाज वाटली असावी.

मग काळा मुखवटा लावून ते अश्वजीतच्या शेजारी उकिडवे बसले. दिवसभर त्यांच्या तोंडून एवढंच: "हळू." "अंहं." "काहून थांबला?" "हे काय करून राहिला?" अश्वजीत घामानं ओला. त्याच्या पट्ट्या कापून आम्ही शिकंज्यात धरून हातोड्यानं वाकवायचो, आणि त्या फाटायच्या. दुपारी बाबा खिडकीशी आले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मले नाही सांगता येत, एकता. काम हात करते. मी तं नुसता पाहत असतो."

हे ऐकून माझा सगळा राग गेला. "मग जे पाहता तेच सांगा," मी म्हटलं.

ते गेले. जाऊन पुन्हा उकिडवे बसले, आणि थोड्या वेळानं मला त्यांचा आवाज ऐकू आला, नेहमीपेक्षा हळू. "रॉडकडे नको पाहू. रॉडच्या समोर भोक पडते, ते पाह्य. डाळीएवढं. ते उघडं पाहिजे. मोठं होऊन राहिलं तं तू जास्त थांबून राहिला. बुजून राहिलं तं तू पळून राहिला." मग थांबून, "आता दिसलं का?" अश्वजीत म्हणाला, "दिसलं, मामाजी." कामावर तो त्यांना पहिल्यांदाच मामाजी म्हणाला, आणि बाबांनीही काही म्हटलं नाही.

त्यानंतर बोलणं सुटलं. पोट्ट्यांनी भंगाराचा ढीग केला, जैनसाहेब येऊन ढीग पाहून जायचे आणि छातीवर हात ठेवायचे. बाबा एकाकडून दुसऱ्याकडे जायचे, हात पाठीमागे बांधून. मला ते अवघड जाताना दिसायचं. कोणी चुकून राहिला की त्यांचा उजवा खांदा आपोआप पुढे यायचा. पण पट्ट्या फाटायच्या कमी झाल्या, आणि एक दिवस अश्वजीतची पट्टी पूर्ण वाकली आणि तशीच राहिली. त्यानं ती मला दाखवायला आणली. मी म्हटलं, "परीक्षेत वाकव, मग पाहू," कारण आधीच खूश झालेले लोक मला आवडत नाहीत. खरं म्हणजे मला रडू येत होतं.

मॅडम परत आल्या. पुन्हा पडदे, पुन्हा तोच कायदा, बाहेरून एक शब्द आला तरी परीक्षा रद्द. बाबांना कप्प्यांपासून दूर उभं केलं, माझ्या खिडकीजवळ. बंटी आधी गेला. मग अश्वजीत.

पडद्याआड निळा उजेड पेटला आणि तडतड सुरू झाली, एकसारखी, भजी तळल्यासारखी. बाबा डोळे मिटून ऐकत होते. ते कानांनी वेल्डिंग पाहतात. मध्येच आवाज जाड झाला, खर्र झालं, आणि बंद पडला. रॉड चिकटला होता.

आत ठकठक झाली, रॉड सोडवल्याची. मग काहीच नाही. बाबांनी डोळे उघडले. त्यांना माहीत होतं काय करायचं ते. थांबलेल्या जागेचं टोक घासून पातळ करायचं आणि जरा मागून पुन्हा सुरुवात करायची, नाहीतर तिथेच कच्चं राहतं. तेवढं एक वाक्य. ते एक पाऊल पुढे गेले. मी खिडकीतून हात काढून त्यांचा शर्ट धरणार होती, पण धरला नाही. त्यांनी तोंड उघडलं, आणि मग स्वतःच्याच हाताची मूठ तोंडावर दाबून धरली आणि तसेच उभे राहिले. माझा बाप असा उभा असलेला मी कधी पाहिला नव्हता.

आतून ग्राइंडरचा आवाज आला. थोडाच. बंद झाला. मग पुन्हा तडतड, आधी घाबरत, मग एकसारखी. बाबांनी मूठ खाली घेतली. तिच्यावर दात उमटले होते.

प्रेसमध्ये अश्वजीतची पहिली पट्टी स्वच्छ वाकली. दुसरीवर एक बारीक चीर दिसली. मॅडमनी टॉर्च लावला, भिंग लावलं, मोजलं. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहून राहिलो. "चालते एवढी," त्या म्हणाल्या. "पास." बंटीही पास झाला. एक जण राहिला, त्याला त्यांनी अजून सराव करायला सांगितलं.

बाबांनी ती चीर असलेली पट्टी हातात घेतली, उलटीसुलटी केली, तळावर अंगठा फिरवला. "जाड लावला," ते म्हणाले. "ही माही चाल नाही."

"नाही," अश्वजीत म्हणाला. "माही आहे."

बाबांनी मान हलवली आणि पट्टी त्याच्या खिशात घातली. संध्याकाळी आमच्या घमापुरच्या घरी सगळे जमले. अश्वजीत इतका बोलला, इतका बोलला, की आईनं शेवटी त्याला विचारलं, "जावईबापू, गिळायले थांबता का जरा?"

टाक्यांचं काम दुसऱ्याच दिवशी सुरू झालं. प्रत्येकाला आपापली टाकी, आपापला नंबर. बाबांनी आपला जोड सकाळीच लावून टाकला. त्यांना कितीसा वेळ लागतो. दुपारी जेवणाची सुट्टी व्हायच्या आधी ते माझ्या खिडकीशी आले. मला वाटलं रॉड पाहिजेत. मी भट्टी उघडली. ते नको म्हणाले आणि बाहेरच्या बाकावर बसले, शेडकडे तोंड करून. तिकडे सगळीकडे निळे उजेड होते आणि त्यातला एकही त्यांचा नव्हता.

"थकलात का बाबा?" मी विचारलं.

"नाही." हात मांडीवर ठेवलेले, हातमोजे काढलेले. "चांगलं लावून राहिले पोट्टे," ते म्हणाले. "मी ऐकून राहिलो इथून. चांगलं लावून राहिले." आणि मग माझ्याकडे वळून, लहान पोराच्या आवाजात, "पण एकानं तरी हाक मारायची होती, एकता."